लग्नाची डीव्हीडी एडिटिंगला घेताना

‘आमच्या लग्नाची डीव्हीडी आहे. लग्नाच्या वाढदिवसाला त्यातली दहा मिनिटं काढून छोटी फिल्म करायचीय. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर फाइल घेतच नाही.’ वाचकांचा हा प्रश्न सारखा येतो आणि दर वेळी त्याचं रूप थोडं वेगळं असतं. कुणाकडे चित्र येतं पण आवाज येत नाही. कुणाच्या दीड तासाच्या लग्नाची लांबी तीन मिनिटं दिसते. कुणाचे नवरा-नवरी उगाच उभट दिसतात, तर कुणाच्या वरातीत बँडवाल्यांच्या अंगावर आडव्या रेघा उमटतात. पत्र लिहिण्याआधी बहुतेकांनी दोन-तीन सॉफ्टवेअर बदललेली असतात. एकदोघांनी तर त्यापायी नवा कॉम्प्युटर घेतला होता. तो खर्च वाचला असता, कारण इथे दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. आपण डीव्हीडीकडे पेन ड्राइव्हसारखं बघतो आणि तिथेच सगळं अडतं.

डिस्कवर नेमकं काय असतं

डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून उघडलीत की साधारणपणे दोन फोल्डर दिसतात, ऑडिओ_टीएस आणि व्हिडिओ_टीएस. पहिला रिकामा असतो. ‘आवाजाचा फोल्डर रिकामा, म्हणजे आवाज पुसला गेला’ असं समजून घाबरू नका. व्हिडिओ डीव्हीडीत तो रिकामाच असायचा. चित्र आणि आवाज दोन्ही दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात. त्यात तीन प्रकारच्या फाइल्स दिसतील:

- व्हीओबी: प्रत्यक्ष चित्र आणि आवाज. यातली कुठलीही फाइल एक जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून दीड तासाच्या लग्नाचे चार-पाच तुकडे पडतात.
- आयएफओ: कुठला तुकडा कोणत्या क्रमाने चालवायचा, कुठला भाग कुठे सुरू होतो, चित्र किती रुंद दाखवायचं, याची यादी. आकाराने अगदी लहान.
- बीयूपी: आयएफओची हुबेहूब प्रत, वेळप्रसंगासाठी ठेवलेली.

तुकडे करणारी कात्री एक जीबीच्या मापाने चालते, प्रसंग बघून नाही. त्यामुळे अंतरपाट एका फाइलमध्ये धरला जातो आणि दुसरीत दूर होतो. शिवाय नावाच्या शेवटी शून्य असलेली व्हीओबी ही नुसती मेनूची असते. यादीतली पहिली फाइल ओढून घेणाऱ्यांना लग्नाऐवजी गुलाबाच्या पाकळ्यांवर फिरणारे दोन फोटो मिळतात, ते त्यामुळे.

टीव्हीखालचा प्लेअर आधी आयएफओ वाचतो आणि मग तुकडे जोडत जातो. व्हीएलसीमध्ये ‘डिस्क उघडा’ असं सांगितलं की तोही तसंच करतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ही यादी सहसा बघतच नाही. ते एकेक व्हीओबी सुटी घेतं. त्या फाइलमधलं वेळेचं मोजमाप अधूनमधून पुन्हा शून्यावर येत असतं. त्यावर विश्वास ठेवलेलं सॉफ्टवेअर पंचवीस मिनिटांचा तुकडा तीन मिनिटांचा समजून बसतं.

‘व्हीओबीचं नाव बदलून एमपीजी करा, चालेल’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. कधीकधी चालतंही, कारण आत एमपीईजी-२ प्रकारचंच चित्र असतं. पण जोडावरची तुटातूट, चुकीची लांबी आणि मुका आवाज तसाच राहतो. एखादी फाइल घाईने बघून घ्यायची असेल तर ठीक, फिल्म करायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

आधी पूर्ण फोल्डर उतरवा

व्हिडिओ_टीएस हा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि मूळ डिस्क पुन्हा पाकिटात घालून ठेवा. सगळं काम या प्रतीवर करायचं.

‘अख्खा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. नात्यातल्या एका लग्नाची डिस्क मी पूर्वी उतरवली, तेव्हा चार मोठ्या फाइल्स घेतल्या आणि छोट्या किरकोळ म्हणून सोडल्या. डिस्क परत केली. पुढे ती वाचेनाशी झाली आणि हळद कुठे संपते, सीमांतपूजन कुठे सुरू होतं, हे मला पडद्याला डोळे लावून शोधावं लागलं. त्या किरकोळ फाइल्स मिळून एका फोटोएवढीही जागा खात नाहीत.

पेन ड्राइव्हवर उतरवत असाल तर एक अडचण येते. जुनी पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीची असते आणि तिच्यावर चार जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. फोल्डर जाईल, पण पुढे बनणारी मोठी फाइल जाणार नाही आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येईल, जागा असतानाही. ड्राइव्ह रिकामी करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलीत की प्रश्न मिटतो.

डिस्क वाचलीच जात नसेल तर

घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा वाचनीय भाग रंगद्रव्याचा असतो. ऊन, दमट हवा आणि बोटांचे ठसे त्याला मानवत नाहीत. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांनंतर कपाटातल्या डिस्कवर बुरशीचे ठिपके दिसले तर नवल नाही. खालच्या क्रमाने जा:

1. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. गोल ओरखडा डेटाच्या मार्गावरूनच धावतो आणि जास्त नुकसान करतो. टूथपेस्ट लावू नका.
2. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा निमूट वाचतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह असेल तर तो हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला लावा. वीज कमी पडली तरी ड्राइव्ह मध्येच थबकतो.
3. फक्त आयएफओ वाचली जात नसेल तर त्याच नावाची बीयूपी कॉपी करा आणि तिचं शेपूट बदलून आयएफओ करा. डिस्कवर ती वेगळ्या जागी लिहिलेली असते, त्यामुळे बऱ्याचदा शाबूत असते.
4. मोठी फाइल मध्येच अडत असेल तर साधी कॉपी थांबवा आणि आयसोबस्टर किंवा डीडीरेस्क्यूसारखं बचावाचं साधन वापरा. खराब जागा बाजूला ठेवून ती उरलेलं आधी वाचून घेतात. दोन सेकंदांचं चित्र जाईल, बाकीचं लग्न वाचेल.

डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर असेल तर तो ओढून काढायला जाऊ नका. त्याच्याबरोबर वरचा थर निघाला तर डिस्क कायमची गेली.

आणखी एक गोष्ट हँडिकॅमवाल्यांसाठी. २००० नंतरच्या दशकात आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर शूटिंग करणारे कॅमेरे आले होते. त्यांची डिस्क ‘फायनलाइज’ केलेली नसेल तर कॉम्प्युटरला ती कोरी दिसते आणि ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं जातं. ‘नाही’ म्हणा. शक्य असेल तर त्याच कॅमेऱ्यात घालून फायनलाइज करा. कॅमेरा उरला नसेल तर आयसोबस्टर अशा डिस्कही वाचतं. आणि ही छोटी डिस्क चिरेतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये कधीही सरकवू नका. आत गेली की बाहेर येत नाही.

मग एक अखंड फाइल बनवा

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला मेकएमकेव्हीचा. ते आयएफओ वाचून तुकडे योग्य क्रमाने जोडतं आणि चित्राला हात न लावता एका एमकेव्ही फाइलमध्ये भरतं. दर्जा जराही कमी होत नाही आणि काम काही मिनिटांत होतं. डीव्हीडीसाठी ते फुकट आहे. एडिटिंगला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह वापरत असाल तर ही फाइल थेट घ्या, पुढचं बरंचसं वाचलं नाहीत तरी चालेल. पण एमकेव्ही सगळीच सॉफ्टवेअर घेत नाहीत.

दुसरा हँडब्रेकचा. हेही फुकट आहे. ते चित्र नव्याने बांधून एमपी४ करतं, आणि एमपी४ जवळपास सगळीकडे चालतं. (अपवाद: लिनक्सवरचं फुकट दा विंची रिझॉल्व्ह. तिथे या एमपी४मधलं एच.२६४ प्रकारचं चित्र चालत नाही. अशांनी केडेनलाइव्हकडे वळावं.) हँडब्रेकमध्ये एकेक व्हीओबी टाकू नका, व्हिडिओ_टीएस हा फोल्डर उघडा. मग ‘टायटल’ची यादी येते. सगळ्यात लांब टायटल बहुधा तुमचं लग्न असतं. काही स्टुडिओंनी हळद, लग्न आणि रिसेप्शन वेगवेगळ्या टायटलमध्ये ठेवलेलं असतं, तेव्हा प्रत्येकाची वेगळी फाइल करा.

तयार मांडणी जशीच्या तशी वापरली तर एडिटिंगला त्रास होतो. एवढं बदला:

- दर्जा: ‘कॉन्स्टंट क्वालिटी’चा आकडा १८ च्या आसपास ठेवा. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी.
- फ्रेम रेट: ‘कॉन्स्टंट’ निवडा. बदलता वेग ठेवलात तर टाइमलाइनवर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात. सुरुवातीला कळतही नाही, चाळीस मिनिटांनी भटजींचं तोंड आधी हलतं.
- आवाज: एएसी, ४८ किलोहर्ट्झ. ‘पासथ्रू’ नको.

चित्र आलं, आवाज आला नाही

पासथ्रू का नको, त्याचं उत्तर इथे आहे. डीव्हीडीवरचा आवाज बहुतेक वेळा एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटल पद्धतीचा असतो. तो उलगडायला बराच काळ परवाना लागायचा. काही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसते, काही ती ऑपरेटिंग सिस्टिमकडून उसनी घेतात. त्यामुळे तेच सॉफ्टवेअर भावाच्या कॉम्प्युटरवर बोलतं आणि तुमच्याकडे मुकं राहतं. पासथ्रू म्हणजे आवाज आहे तसा पुढे ढकलणं, म्हणजे अडचणही आहे तशी पुढे जाते. एएसी केलात की संपलं. त्यासाठी कुठलीही ‘कोडेक पॅक’ उतरवून घेऊ नका. अशा गाठोड्यांतून नको ती माणसं घरात येतात.

माणसं उभट किंवा आडवी दिसतात

भारतातली डीव्हीडी पाल पद्धतीची, ७२० बाय ५७६ बिंदूंची, सेकंदाला २५ फ्रेमची. हे बिंदू चौकोनी नसतात, दाखवताना ताणायचे असतात. सॉफ्टवेअरने ते चौकोनी धरले की चित्र बिघडतं:

- जुन्या ४:३ चित्रात माणसं किंचित बारीक दिसतात. पटकन लक्षातही येत नाही.
- १६:९ चित्रात सगळे शेवग्याच्या शेंगा होतात.
- अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डिस्क एनटीएससी पद्धतीची असते, ७२० बाय ४८० ची. तिथल्या ४:३ चित्रात माणसं जाड दिसतात.

चित्र हाताने ओढून ‘बरं दिसेपर्यंत’ ताणू नका. प्रीमियर प्रोमध्ये क्लिपवर ‘इंटरप्रिट फुटेज’ घ्या आणि पाल ४:३ साठी १.०९४०, रुंद पडद्यासाठी १.४५८७ हे गुणोत्तर निवडा. रिझॉल्व्हमध्ये हेच ‘क्लिप अॅट्रिब्यूट्स’मध्ये मिळतं. खात्री करायची असेल तर गोल वस्तू शोधा. चौरंगावरचं ताट समोरून गोल दिसलं की झालं.

हलताना उमटणाऱ्या रेघा

हा भाग सगळ्यात किचकट आहे, आणि बहुतेक जण इथेच फिल्म बिघडवतात. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत टिपली जायची. एका अर्ध्यात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. स्थिर उभ्या वधूपित्यावर फरक दिसत नाही. पण अक्षता उडतात, वरातीत पोरं नाचतात, तेव्हा दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत अडकतात आणि कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. डिस्क खराब झालेली नसते.

हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस चालू करा, प्रकार ‘बॉब’ निवडा आणि फ्रेम रेट ५० करा. म्हणजे प्रत्येक अर्ध्याची एक पूर्ण फ्रेम होते आणि हालचाल टीव्हीवर होती तशीच तुळतुळीत राहते. बॉब निवडून फ्रेम रेट जुन्याच मांडणीतल्या ३० वर राहू दिलात तर मात्र नाच अडखळत दिसतो. ही चूक फार होते.

मेकएमकेव्हीची फाइल थेट वापरणाऱ्यांनी हे काम एडिटिंगमध्ये करावं, आणि कुठलं अर्धं आधी हे तपासावं. डीव्हीडीत सहसा वरचं अर्धं आधी असतं. पण आपल्याकडचं बरंचसं शूटिंग मिनीडीव्ही कॅसेटवर झालं आणि तिथे खालचं आधी असतं. मिक्सिंग करणाऱ्याने घाईत ही अदलाबदल केली असेल तर क्रम चुकलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरतो. वरातीतले दहा सेकंद एक्सपोर्ट करून मोठ्या टीव्हीवर बघा, मगच पूर्ण फिल्म काढा.

टाइमलाइनचा वेग २५ किंवा ५० ठेवा. मोबाइलवरची ३० फ्रेमची क्लिप मध्ये घालायची असेल तरी मुख्य वेग डीव्हीडीचाच असू द्या.

फुल एचडीचा मोह

डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ४ लाख १४ हजार ७२० बिंदू असतात. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६००, म्हणजे नेमके पाचपट. दर पाचांतले चार बिंदू कुठून तरी कल्पनेने भरावे लागतात. त्यासाठीची नवी एआय साधनं चेहरे गुळगुळीत करतात खरी, पण एका वाचकाच्या आजीच्या सुरकुत्या गेल्या आणि आजीही गेली, अशी अवस्था झाली होती. चित्रात चौकोनी ठिकऱ्या दिसत असतील तर बहुधा स्टुडिओने तीन तास एका ४.७ जीबीच्या डिस्कवर कोंबलेले असतात. त्या निघत नाहीत. ४:३ चित्र रुंद पडद्यावर भरायला डोकी कापू नका, दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या.

डीव्हीडी नसून व्हीसीडी असेल तर

एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल दिसली तर ती व्हीसीडी. व्हीएलसीमध्ये चालवून बघा. चालली तर त्याच्याच ‘कन्व्हर्ट’मधून एमपी४ करा. चित्र ३५२ बाय २८८ चंच असतं, फार अपेक्षा ठेवू नका.

हक्काचं काय

- लग्नाची डिस्क: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक काम करून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. तेव्हा ‘कॉपी करायला स्टुडिओची परवानगी लागेल का?’ याचं उत्तर सहसा ‘नाही’ असं आहे. तेव्हाची पावती किंवा करार सापडला तर मात्र वाचून बघा.
- त्यातली गाणी: ती तुमची नाहीत. मिक्सिंगवाल्याने टाकलेलं सिनेमाचं गाणं घरच्या कार्यक्रमात कुणी विचारणार नाही. यूट्यूबवर चढवलंत की हक्कदाराचा दावा येऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो. चढवायचंच असेल तर गाणं काढा, सनई-चौघडा वाजवणाऱ्यांचा तिथला खरा आवाज ठेवा.
- बाजारातली सिनेमाची डीव्हीडी: तिच्यावर बहुधा सीएसएस नावाचं कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा २०१२ साली आलेल्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वर सांगितलेली कृती तुमच्या स्वतःच्या चित्रीकरणासाठी आहे.

दुकानात देणार असाल तर

आधी घरातला माळा शोधा आणि जुन्या शूटिंगवाल्याला फोन करा. मूळ मिनीडीव्ही कॅसेट सापडली तर डीव्हीडी बाजूला ठेवा, कॅसेटवरचं चित्र कितीतरी सरस असतं. ती उतरवायला फायरवायरची जोडणी असलेला कॉम्प्युटर लागतो, म्हणून हे काम मात्र दुकानातच बरं.

डिस्क देताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. फाइल डिस्कमधून थेट काढणार की टीव्हीवर चालवून पुन्हा रेकॉर्ड करणार? ५० फ्रेमची देणार का? आणि व्हिडिओ_टीएसचा पूर्ण फोल्डरही देणार का? तिसऱ्या प्रश्नाला ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. पावतीवर डिस्कची संख्या आणि आधीपासूनचे ओरखडे लिहून घ्या. डिस्क हरवली किंवा मोडली आणि दुकानदार हात वर करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण तिथेही पहिल्यांदा पावतीच मागतात.